डबा रिकामा पाठवू नकोस

कुंभारी,
शुक्रवार

प्रिय चेतना,

पुण्याच्या गाडीने परवा तुझा डबा आला. हातात घेतला तेव्हाच हलका लागला. उघडला तर आत नुसती चिठ्ठी: आत्या, आता डबा पाठवू नकोस, मी सामान बांधून परत येतेय. सहा वर्षांत असं पहिल्यांदा झालं. कधी चार पेरू, कधी चिक्की, काहीच नसलं तर साखरेची पुडी तरी तू घालायचीस. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, हे तुला दुर्गावहिनीने, तुझ्या आईने शिकवलेलं. त्यावरूनच ओळखलं, पोरीने पार हाय खाल्लीय.

गड्ड्याच्या जत्रेला आली होतीस, तेव्हा मी विड्या वळत होते आणि तू समोर बसून तुझं प्रयोगशाळेतलं काम सांगत होतीस. माझी शाळा म्हणजे तुझीच पहिलीची पाटी. तुझ्याशेजारी बसून मीही बाराखडी गिरवली, म्हणून तू मला सोपं करून सांगतेस. म्हणालीस, आत्या, अंगातल्या पेशी शेजारणींसारख्या असतात, एकमेकींना डबे पाठवतात. स्वतःच्याच आवरणाची इवलीशी पिशवी करायची, आत निरोप नि लागणाऱ्या वस्तू घालायच्या आणि द्यायची सोडून. डास चावून आलेला डेंगीचा विषाणू उघडा फिरला तर रक्तातले पहारेकरी त्याला धरतात. म्हणून काही विषाणू त्या पिशवीत लपून पुढच्या पेशीकडे जातात. शेजारणीचा डबा कोण तपासतंय? ती दोन्ही हातांनी घेते. हे ऐकताना माझा हात थांबला होता. तुला वाटलं, आत्याला नवल वाटलं. नवल नव्हतं गं ते.

फोनवर तू रडत होतीस की मोकळे विषाणू आणि पिशवीतले विषाणू वेगळेच करता येत नाहीत, दोन्ही एका मापाचे, आठ महिने मातीत गेले. मला तुझं यंत्र कळत नाही, पण तांदूळ कळतात. तांदळाएवढाच खडा असला तर चाळणी काय करणार? तो पाण्यात रोळून काढावा लागतो. हलका तांदूळ पाण्याबरोबर वर येतो, खडा तळाला बसतो. तुमच्याकडे असं काही रोळणं असेलच. नसलं तर तू काढ. पण सूप टाकून उठू नकोस.

आता जे सांगायचं ते सांगते. वहिनी गेली त्या वर्षी नळाला पाचव्या दिवशी पाणी यायचं. सरकारी दवाखान्याची आशाताई घरोघरी पिंपं बघत आली. डासांच्या अळ्या दिसल्या की पाणी ओतायला लावायची. आपल्या पिंपात अळ्या वळवळत होत्या, मी पाहिल्या होत्या. पण पाणी आरशासारखं नितळ. डेंगी घाणीत असते, स्वच्छ पाण्यात कसली, अशी माझी समजूत. मी पिंपावर फळी टाकली, फळीवर गोधड्यांची चळत रचली आणि सांगितलं, आमच्यात पिंप नाही. वहिनी बोलणार होती. मी डोळे वटारले. मोठी नणंद ना मी! आठ-दहा दिवसांत तिला ताप भरला. पुढचं तुला माहीत आहे. मी मात्र जगाला सांगत आले, गटारीतल्या डासाने नेली.

आज सकाळी तुझ्या वडिलांना सांगितलं. सयाजी उठला आणि दारातलं पिंप पालथं केलं. मग मी पिंपं घासायला काथ्या घेऊन गल्लीत निघाले. पहिल्याच दाराला मल्लव्वा कडाडली, "पाणी आटवड्यानं येतंय, आन् तुमी वता म्हंता व्हय? तुमचं काय जातंय!" मी म्हटलं, माझी वहिनी गेली, मल्लव्वा. आणि गोधड्यांची गोष्ट तिला उभ्याउभ्या सांगितली. तिने स्वतःच पिंप कलतं केलं. मग दोघींनी मिळून तिचं पिंप घासलं. दर शुक्रवारी जाणार आहे. एकवीस घरं आहेत. प्रत्येक दारात हीच गोष्ट सांगणार, लाज वाटली तरी.

तू हे काम आईसाठी धरलंस. माझ्या मायेच्या डब्यात काय लपलं होतं, हे तुला कळल्याशिवाय तू ते सोडायचं नाही, एवढ्याचसाठी लिहायला बसले. घर तुझंच आहे, केव्हाही ये. पण हरून नको. डब्यात शेंगाचटणी आणि कडक भाकरी घातलीय. खावीशी वाटली नाही तर कोणाला दे. पण डबा मला रिकामा पाठवू नकोस. राग आला असेल, तर राग भरून पाठव. मी दोन्ही हातांनी घेईन.

तुझीच,
रंभाआत्या