तिवंकला पाचव्या नंबरावर घ्या

३ जानेवारी, सकाळी ६.४०

नवीन वर्षाचा संकल्प. दोन दिवस उशीर झाला, पण पहिल्या तारखेला मॅच होती. डॉक्टरांनी काल प्रेशर बघून नुसतीच मान हलवली. म्हणून यापुढे थ्री-व्हीलर स्टँडवर क्रिकेटवरून वाद घालणार नाही. टीव्हीवर ओरडणार नाही. जे सांगायचं ते फक्त निवड समितीला, लेखी, सभ्य भाषेत.

सकाळी १०.१५

संकल्प मोडला. दोष माझा नाही. मी फक्त पेपर आणायला गेलो होतो. सोमेदास स्वतःच्याच थ्री-व्हीलरच्या मागच्या सीटवर पाय पसरून पडला होता. मला बघून मुद्दाम मोठ्याने म्हणाला, "उडुवरसारखा पाच नंबरचा बॅट्समन या देशाला पुन्हा मिळायचा नाही."

यावर कोण गप्प बसेल? गयंत उडुवर गेल्या अकरा वनडेत एकदाही पन्नाशी गाठू शकलेला नाही. बारा चेंडूंत सात करतो, आउट होतो आणि जणू ढगांचीच चूक असल्यासारखा वर बघत परत येतो. एवढंच मी सांगितलं. आवाज थोडा चढला असेल. समोरचा बेकरीवाला बाहेर येऊन उभा राहिला.

सोमेदास म्हणाला, "मग घ्यायचं कुणाला, विजेपाल अंकल? तुम्हाला?"

मी म्हणालो, "तिवंक लोकुगेला."

सगळे हसले. हसू देत. एकतीस वर्षं मी शाळेच्या टीमचा स्कोअरर होतो. आठवडाभर पोस्टात नोकरी, सुट्टीच्या दिवशी स्कोअरबुकापाशी. तिवंक दहा वर्षांचा असताना त्याची पहिली धाव माझ्याच पेन्सिलीने लिहिली गेली. आमच्या अंबलंगोड गावातून या पोराएवढा बॅट्समन निघालेला नाही हे मला तेव्हाच कळलं होतं. (त्या मॅचमध्ये त्याने एकच धाव केली. पण ती कशी केली!)

९ जानेवारी

निवड समितीला चौदावं पत्र रजिस्टरने पाठवलं. विषय: तिवंकला पाचव्या नंबरावर घ्या. सोबत तीन पानं आकडे. क्लब क्रिकेटमध्ये पोराचं अ‍ॅव्हरेज एकावन्न आहे. उडुवरच्या आकड्यांखाली लाल रेघ मारली.

इंद्राणी म्हणाली, "अहो, तिथे तुमची पत्रं वाचतं कोण?"

मी म्हणालो, वाचत नसते तर परत आली असती. चौदांपैकी एकही परत आलं नाही. ती नारळ खवायला बसली.

१९ जानेवारी, दुपारी ४

घेतला! तिवंकला घेतला! न्यूझीलंडविरुद्धच्या टीममध्ये अंबलंगोडचा पोरगा!

पेपरात छापलंय की सरावात उडुवरचं बोट मोडलं म्हणून जागा रिकामी झाली. ठीक आहे. समितीला काहीतरी कारण द्यावंच लागतं. माझं नाव ते कसं छापणार?

संध्याकाळी ६

स्टँडवर फटाके लागले. पहिली माळ सोमेदासनेच लावली, हे कबूल केलं पाहिजे. तिवंकची आई, चांदनी, शुभ प्रसंगाचा म्हणून ताटभर दूधभात घेऊन घरी आली. ती घरून जेवणाची पाकिटं करून विकते. आज धंदा बंद ठेवून सगळ्या गल्लीला वाटत होती. नवरा खोल समुद्रातल्या बोटीवर, त्याला अजून पत्ताही नाही.

म्हणाली, "अंकल, तुमच्यामुळे झालं हे."

मी म्हणालो, छे छे, मी काय केलं, चार पत्रं लिहिली. इंद्राणी स्वयंपाकघरातून म्हणाली, "चौदा."

२४ जानेवारी

पहिली वनडे. तिवंक दुसऱ्या चेंडूवर एलबीडब्ल्यू. शून्य.

कारणं उघड आहेत. एक तर कॅप्टनने त्याला फार लवकर पाठवलं. मुळात तीन विकेट एवढ्या लवकर पडायलाच नको होत्या. शिवाय संध्याकाळचा उजेड. शिवाय चेंडू खाली राहिला. टीव्हीवर चार वेळा दाखवलं, चारही वेळा खालीच राहिला.

टीव्हीवर ओरडलो नाही. फक्त उभा राहिलो.

स्टँडवर म्हणालो, पहिल्या मॅचला मोठमोठे शून्यावर जातात. सोमेदास म्हणाला, "जातात ना. म्हणून तर म्हणतो, उडुवरचं बोट लवकर बरं होवो."

संकल्प: आठवडाभर त्याच्याशी बोलायचं नाही.

२७ जानेवारी, रात्री ८.३०

दुसरी वनडे. सतरा चेंडूंत चार, स्लिपमध्ये कॅच. वर एक सोपा कॅच सोडला. ज्याचा सोडला त्याने शतक मारलं. मॅच गेली.

आता मात्र मला दिसलं. गडबड उभं राहण्यात आहे. पाय फार जवळ, खांदा फार आत. चुकतंय कुठे ते एवढ्या लोकांत एकट्या मला दिसतंय, आणि मी इथे पंख्याखाली खुर्चीत. हे सहन होत नाही.

२८ जानेवारी

फेसबुकवर पोराचं तोंड बदकाला लावलंय. नऊ हजार लोकांनी शेअर केलं. कुणीतरी लिहिलंय, वशिल्याने आलेला. मी खाली सात ओळी लिहून समजावलं की वशिला नाही, आकड्यांसकट पत्रव्यवहार झालेला आहे. त्यावर लोक आणखीच हसले. पुसून टाकलं.

बेकरीत दोन अनोळखी माणसं चहा पिताना तिवंकबद्दल नको ते बोलत होती. चांदनी पाव घ्यायला तिथेच उभी होती. माणसांना ती कोण हे माहीत नव्हतं. तिने पाव घेतला, सुट्टे मोजले, गेली. मी काहीतरी बोलायला हवं होतं. माझ्या तोंडात त्या वेळी बन होता.

२९ जानेवारी, सकाळी ७

निर्णय घेतला. चांदनीकडून तिवंकचा नंबर घेतला आणि थेट हॉटेलवर फोन केला. चाळीस मिनिटं बोललो. डावा पाय वीतभर बाहेर, मिडऑनकडे उघडा. बॅट कानापर्यंत वर. डावं कोपर आभाळाकडे. वजन टाचांवर. मान सरळ. सगळं दोनदा सांगितलं, मग त्याच्याकडून म्हणवून घेतलं.

तो म्हणाला, "कोच म्हणतात सध्या काही बदलू नकोस."

मी म्हणालो, "कोच तुला दहा दिवस ओळखतो. मी बारा वर्षं ओळखतो."

मग "बरं अंकल" म्हणाला. आवाज थकलेला वाटला. हॉटेलातले एसी वाईट असतात.

हे कुणालाही सांगणार नाही. श्रेय नको.

सकाळी ९.३०

सोमेदासला सांगितलं. (आठवडा अजून पुरा झाला नव्हता, पण परिस्थिती बदलली होती.) वाटलं, चकित होईल. तो सीटवरून उठून बसला. म्हणाला, "तुम्ही मॅचच्या तोंडावर पोराचे पाय बदललेत?"

"पाय नाही. पायांची जागा."

"अंकल, मी उडुवरचा माणूस, हे सगळ्या गावाला माहीत आहे. पण तुमच्या पाया पडतो, त्या पोराला आता एकटं सोडा."

जळतो.

३१ जानेवारी

तिसरी वनडे. माझ्या लक्षात आलंय की मी बघायला बसलो की विकेट पडते. म्हणून तिवंक मैदानात उतरताच उठलो आणि मागच्या विहिरीपाशी जाऊन उभा राहिलो. शेजारच्या घरांतून आवाज येईल त्यावरून कळणारच होतं.

आवाज आला. सगळ्या गल्लीतून एकदम. ओरडा नव्हे, नुसता श्वास सोडल्यासारखा.

आत येऊन इंद्राणीला विचारलं. ती म्हणाली, "पहिल्याच चेंडूला."

"कसा?"

"दांडी उडाली."

"पाय कुठे होता? डावा पाय?"

ती म्हणाली, "मी त्याच्या तोंडाकडे बघत होते." आणि टीव्ही बंद केला. पुन्हा दाखवलेलं बघायलाही मिळालं नाही.

१ फेब्रुवारी

रात्रभर विचार केला. एकच अर्थ निघतो. पोराने माझं ऐकलं नाही. मी सांगितलं तसा उभा असता तर दांडी उडणं शक्यच नव्हतं. कोचच्या नादी लागला. हल्लीची पोरं दोन मॅच टीव्हीवर दिसली की त्यांना मोठ्यांचं ऐकू येत नाही.

स्टँडवर तसं स्पष्ट सांगितलं. लोकांनी माना हलवल्या. बरं वाटलं. गेल्या आठवड्यात पहिल्यांदाच कुणी माझ्याशी सहमत झालं. मग ओघात म्हणून गेलो की मला पोराच्या स्वभावाबद्दल पहिल्यापासून शंका होती.

सोमेदास एवढंच म्हणाला, "पहिल्यापासून?" आणि किक मारून निघून गेला. मागे गिऱ्हाईक नव्हतं.

३ फेब्रुवारी

पंधरावं पत्र लिहिलं. फार जड हाताने. समितीचा सल्लागार या नात्याने (तसं कुणी नेमलेलं नाही, पण चौदा पत्रांनंतर माणूस काहीतरी होतोच) कटू बोलणं भाग आहे. उडुवरचं बोट बरं झालं असल्यास त्याचा विचार व्हावा. अनुभवाला पर्याय नसतो. त्याचे काही सात तर फार कठीण परिस्थितीत आलेले आहेत.

इंद्राणीने पाकिटावरचा पत्ता बघितला. जेवायला स्वतःचं एकटीचं ताट वाढून घेतलं.

४ फेब्रुवारी

आमच्या देशाचा स्वातंत्र्यदिन. पोस्ट बंद. पत्र खिशातच.

संध्याकाळी बातम्यांत सांगितलं, चौथ्या वनडेसाठी तिवंकला वगळलं. पत्र न पोचताच! समिती आणि मी एकाच पद्धतीने विचार करतो, हे आता सिद्ध झालं.

आनंद व्हायला हवा होता. प्रेशरची गोळी दोनदा घेतली असावी, डोकं हलकं वाटतंय.

५ फेब्रुवारी

चांदनीने आजही जेवणाची पाकिटं केली नाहीत. दार लावलेलं. इंद्राणी डाळ आणि भात घेऊन गेली होती, अर्ध्या तासाने रिकाम्या भांड्यासकट आली. मी विचारलं, काय म्हणाली? इंद्राणी म्हणाली, "तुम्हाला विचारत होती. अंकल आले नाहीत म्हणाली."

मी म्हणालो, उद्या जातो.

६ फेब्रुवारी

गेलो नाही. पाऊस येईलसं वाटत होतं.

७ फेब्रुवारी, संध्याकाळी ५.३०

तिवंक आला. स्वतःहून, चालत. टीमचा टी-शर्ट नाही, साधा शर्ट. वजन कमी झालंय. मी पत्राचं पाकीट उशीखाली सरकवलं आणि आधी सुरुवात करावी म्हणून जरा रागानेच म्हणालो, "ऐकलं असतंस तर ही वेळ आली नसती."

त्याने माझ्याकडे बघितलं. राग वगैरे काही नव्हता. खरंच समजलं नाही असं बघितलं.

म्हणाला, "अंकल, तुम्ही सांगितलं तसाच उभा होतो. कोच ड्रेसिंग रूममधून खुणा करत होते. मी तिकडे बघितलंच नाही. तुम्ही बघितलं नाहीत?"

मी म्हणालो, त्या वेळी मी विहिरीपाशी होतो.

"सगळं तसंच केलं. डावा पाय, कोपर, टाचा. आईला पण फोन करून सांगितलं होतं, अंकलनी चूक पकडली, आता होईल." मग, "माझंच काहीतरी राहिलं असेल. म्हणून आलो. तुम्ही बघून सांगा ना."

दाराशी इंद्राणीची छत्री होती. ती त्याने उलटी धरली आणि अंगणात फणसाच्या झाडासमोर उभा राहिला. डावा पाय वीतभर बाहेर. छत्री कानापर्यंत. कोपर आभाळाकडे. टाचांवर वजन दिल्यामुळे जरासा डुलत होता. मान सरळ.

मी खुर्ची जवळ ओढली. एक चूक सापडावी म्हणून खालून वर, वरून खाली बघितलं. एकही नव्हती. प्रत्येक गोष्ट मी फोनवर सांगितली तशीच, हुबेहूब. छत्री आणि पायाच्या मधून सोमेदासची थ्री-व्हीलर गेली असती. असं उभं राहून जगातल्या कुणाही माणसाच्या बॅटला चेंडू लागेल कसा, ते मला कळेना.

इंद्राणी दारात येऊन उभी होती. तिला क्रिकेटमधलं काही कळत नाही. तिलाही कळलं असावं.

"अंकल, आता काय बदलू?" तो झाडाकडेच बघत म्हणाला.

मी तोंड उघडलं. इतक्या वर्षांत या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही असं झालं नव्हतं. काहीच आलं नाही.

मी विचार करतोय असं समजून तो तसाच उभा राहिला.