ऑल-स्टारचा चहा

बाबा, आज सकाळी पुन्हा ती ऑल-स्टार मॅच होती, आणि रॅफल्स प्लेसच्या ऑफिसात मी पुन्हा "घरून काम करते" असं कळवून बेडोकच्या घरात टीव्हीसमोर बसले. अमेरिकेत तेव्हा रात्र. बेसबॉलचा सीझन अर्ध्यावर आला की सगळ्या टीममधले नावाजलेले गडी गोळा करून खेळवतात ती मॅच, निकालाला काडीची किंमत नसलेली. तुम्ही तिला मॅच म्हणायचाच नाहीत. "लग्नाचं रिसेप्शन आहे हे. स्टेजवर चढा, हात मिळवा, फोटो काढा, उतरा."

खरंच होतं हो तुमचं. यंदाही तेच. बॉल टाकणाऱ्या चांगल्या पिचरचा हात जरा गरम होतोय तोवर त्याला बाहेर काढला. ज्याच्यासाठी लोकांनी तिकिटं काढली, तो दोनदा बॅटिंग करून च्युइंगगम चघळत बसला. एकाच्या कॉलरला तर माइक, कानात इअरफोन, फील्डिंग करता करता कॉमेंट्रीवाल्यांशी गप्पा. मैदानावर गप्पा! तुमच्या मैदानावर मला साधं "बाबा" म्हणायची सोय नव्हती. तुम्ही शाळेत पीटीचे सर, मी तिथल्याच मुलींच्या सॉफ्टबॉल टीमची कॅचर, बॅटिंगवालीच्या मागे मास्क लावून बसणारी, आणि गेटच्या आत शिरलं की नातं बंद. एकदा गुडघा फुटला, रक्त बघून तोंडातून निघून गेलं, "बाबा!" तुम्ही लांबूनच म्हणालात, "कोण बाबा? ऊठ, मास्क लाव." संध्याकाळी घरी मात्र स्वतः हळद लावलीत, एक अक्षर न बोलता.

बोलणं तुमच्या स्वभावातच नव्हतं. रिटायर झाल्यावर देशातून इथे माझ्याकडे राहायला यायचात, तेव्हाही खरी मॅच लागली की सोफ्याच्या कोपऱ्यात हाताची घडी घालून बसायचात, तोंडातून चकार शब्द नाही. मॅच चालू असताना घरात चहासुद्धा करायचा नाही, हा तुमचा कायदा. फक्त या ऑल-स्टारला तुमच्या तोंडाचा पट्टा सुटायचा. पहिला बॉल पडायच्या आत मुद्दाम ओरडायचात, "चहा टाक गं! काही चुकत नाही इथे." तो तुमचा निषेध. मी ओट्यापाशी आलं किसतेय, आणि बाहेरून तुम्ही करवादताय, "हा काय धावला? शी! आमची पोरगी फुटक्या गुडघ्याने याच्यापेक्षा जोरात धावायची." मी किसणी खाली ठेवते. तोंडावर कधी कौतुक केलं नाहीत. जे केलंत ते टीव्हीतल्या त्या माणसाला ऐकवलंत.

तुम्ही गेलात त्यालाही आता कितीतरी वर्षं झाली. तुमचा आवाज आठवायला बसले की आठवत नाही. चेहरा येतो, हाताची घडी येते, आवाज नाही. पण ही मॅच लागते, कोणीतरी पाट्या टाकायला लागतो, आणि सोफ्याच्या कोपऱ्यातून आधी खाकरणं येतं, मग तुम्ही. आठवण नव्हे, बाबा, आवाज. मागच्या वर्षी मी उत्तर दिलं. मुलगी कॉलेजला निघाली होती. "आई, हू यू टॉकिंग टू, आह?" मी म्हटलं, टीव्हीशी. तिने सोफ्याकडे पाहिलं आणि लांबून वळसा घालून दाराकडे गेली.

आज सुरुवातीला तुम्ही होतात. चहा मागितलात, मी आधण ठेवलं. पण शेवटाकडे मेली मॅच रंगली. बरोबरी झाली, सगळे जीव तोडून खेळायला लागले. एका पोराने रन पुरी करायला होम प्लेटवर झेप घेतली, कॅचर गुडघ्यावर आपटला, पण बॉल सोडला नाही त्याने. मी टाळी वाजवली, आणि मग लक्षात आलं, कोपरा गप्प आहे. आत आधण उकळून आटत होतं. मी "बाबा" म्हटलं. मग "सर" म्हटलं. तुम्ही हाताची घडी घातली होतीत. मला भीती वाटली, फार वाटली.

हे पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. तुम्ही मला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या असत्या. शेवटची इनिंग चालू होती, मॅच अटीतटीची होती, आणि मी टीव्ही बंद केला. कोण जिंकलं, अजून बघितलेलं नाही. मला चांगली मॅच नकोय, बाबा. पुढच्या वर्षी भिकार होऊ दे.