तोतुकान आपांची मान

४ नोव्हेंबर
आले एकदाची मालिशीच्या नोकरीवर! खिडकीतून डोंगर, खाली गरम झऱ्याची वाफ, आणि मालिशीच्या खोलीला लागूनच माझी खोली. हंगाम संपलाय, आरोग्यधाम जवळजवळ रिकामं. स्वयंपाकीण बाक्तीगुल म्हणाली, बिश्केकची पोर इथे हिवाळा काढणार? भिंतींशी बोलायला लागशील गं! आणि वाडगाभर लाग्मान, जाड शेवयांचं गरम कालवण, पुढे सरकवलं. पोटभर जेवले.

६ नोव्हेंबर
सध्या माझ्याकडे एकच बाई. तोतुकान आपा, निवृत्त शिक्षिका, तरुणपणापासून अर्धशिशी. मानेचे स्नायू कवटीच्या बुडापासून खांद्यापर्यंत दोरखंडासारखे. डॉक्टर एसेन म्हणाले, मान आखडते म्हणून डोकं दुखतं की डोकं उठणार म्हणून मान आखडते, हे बी आधी की झाड आधी असं आहे. तू आपली हळूहळू मोकळी कर.

९ नोव्हेंबर
आपा मला 'माझं शिंगरू' म्हणतात. आईनंतर असं कोणी म्हटलं नव्हतं. पण त्या डावीकडे मान वळवत नाहीत. हाक मारली की लांडग्यासारख्या अख्ख्या वळतात. विचारलं, तर म्हणाल्या, मान धरून ठेवते म्हणून तर दुखतं. सोडली तर मला बघावं लागेल. कोणाला, ते सांगेनात. मी हसले. म्हटलं, आपा, हे माझ्या बोटांवर सोपवा.

१२ नोव्हेंबर
गाठ सुटली. बोटांखाली लोणी विरघळावं तशी. ठणका गेला, म्हणून आपा रडल्या. मग त्यांची मान वळली. सावकाश, डावीकडे. तिथे नुसती भिंत. तिच्याकडे बघून म्हणाल्या, अगंबाई, इतकी जवळ उभी होतीस?

१३ नोव्हेंबर
आपा पहाटे गेल्या. तोंड भिंतीकडेच. डॉक्टरांनी मान सरळ करून पाहिली, होईना. हृदय बंद पडलं म्हणाले. डॉक्टर आणि बाक्तीगुल त्यांना गावी घेऊन गेले. संध्याकाळपर्यंत येतो म्हणाले.

१४ नोव्हेंबर
कोणी आलं नाही. घाटात बर्फ. फोन लागत नाही. माझी मान डावीकडून आखडलीय. उजेड टोचतो, चहाच्या वासाने मळमळतं. मला कधीच अर्धशिशी नव्हती.

१५ नोव्हेंबर
चोळून बघितलं. गाठ जरा सैल झाली आणि मान आपोआप वळू लागली — दोन्ही हातांनी डोकं धरून थांबवलं. आता कळलं. आखडलेली मान दुखवत नाही. वळून बघण्यापासून अडवते. मीच त्यांची गाठ —

डाव्या खांद्यामागे कोणीतरी आहे. श्वास उबदार.

१६ नोव्हेंबर
दुखू दे. दुखतंय तोवर बरं. हात मानेला लावायचा नाही. मोठ्याने बोलले, आपा, माफ करा. कोणाशी तरी बोलावंसं —

१७ नोव्हेंबर
एका हातात पेन. दुसरा वहीवर. दोन्ही दिसतायत मला.

मग मानेवर ही बोटं —

हलकी. जाणती. किती दिवसांनी कोणी मायेने हात — नको, तिथे नको, गाठ सुटतेय —

थांबलं. डोकं दुखायचं थांबलं. किती हलकं वाट