चाकाचा कौल

मंगळ., ४ नोव्हें.

इंग्रजीचं बेसिक झालेल्यांची बॅच परत सुरू. सहा जणी. अब्बांच्या कापडदुकानावरचा माळा, पंखा खडखडतो, पण नेट झकास मिळतं. पुस्तक काढलं की सगळ्यांची तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी होतात, म्हणून यंदा ठरवलंय, नुसते खेळ. आज मोबाईलवर शब्दांची शर्यत. वैशाली रिसॉर्टच्या काउंटरवर असते, तिनं बाकीच्यांना धूळ चारली. नंदाताई शेवटून पहिल्या, पण हसून हसून डोळ्यांत पाणी. त्या पिरंगुटच्या एका कंपनीत कँटीनला आहेत. सुपरवायझर व्हायचं तर पाहुण्यांशी इंग्रजीत बोलता आलं पाहिजे, असं साहेबानं सांगितलंय. पहाटेची शिफ्ट संपवून थेट पौडला येतात, डबा बसमध्ये खातात. फार कौतुक वाटतं मला. तोंडावर बोलले नाही.

गुरु., ६ नोव्हें.

भविष्यकाळाचे प्रश्न. नेटवर ते फिरतं चाक मिळतं, खणांत हवं ते लिहायचं. आठ खण केले, चारांत यस, चारांत नो. प्रत्येकीनं इंग्रजीत एक प्रश्न विचारायचा, चाक फिरवायचं, आलेलं उत्तर पूर्ण वाक्यात म्हणायचं. वैशाली: 'विल माय मदर-इन-लॉ बिकम स्वीट?' नो. खालून अब्बांनी छताला काठी ठोकली, इतका दंगा.

नंदाताईंनी विचारलं, साडेपाचची बस येईल का. नो. नाहीच आली, घाटात बंद पडली. त्यात काय! या रस्त्यावर बस न येणं याला भविष्य म्हणायचं का?

मंगळ., ११ नोव्हें.

'मॅडम, चाक घ्या ना.' पाच मिनिटंही शांत बसू देईनात. घेतलं. सुमनच्या दिराची म्हैस चार दिवस गायब आहे. 'विल वी फाइंड द बफेलो?' यस. वाक्यरचना अगदी बरोबर. शाबास म्हटलं.

गुरु., १३ नोव्हें.

म्हैस सापडली. धरणाच्या पाण्यात पोटापर्यंत उभी होती. ओढली तरी हलेना, माणसं ओळखेना, नुसती पाण्याकडे बघत. सुमन हे सांगत असताना एकीनंही इंग्रजीचा शब्द काढला नाही, आणि मीही टोकलं नाही.

आणखी एक. वर आले तर चपला दाराबाहेर ओळीनं. याआधी कधी काढल्या नव्हत्या.

'काय गं, काय झालं?'

'कुटं काय, मॅडम. आसंच.'

आज चाक घेतलं नाही. वर्गात मरगळ. बोर्डावर लिहिताना पाठीमागे इतकं शांत की दोनदा वळून पाहिलं. सगळ्या बंद लॅपटॉपकडे बघत बसलेल्या.

मंगळ., १८ नोव्हें.



प्यायला पाणी घेऊन वर आले, तर नंदाताईंनी लॅपटॉप उघडून चाक लावलेलंच. बाकीच्या उभ्या. लॅपटॉपच्या कडेला हळदीचं बोट. नंदाताईंचा आवाज एकदम बारीक: 'शुड आय गो फॉर द ऑपरेशन?'

चाक फिरलं. टकटक टकटक करत मंदावलं. नो.

कसलं ऑपरेशन? तेव्हा कळलं. छातीत गाठ. पुण्यातल्या डॉक्टरांनी सांगितलंय, थांबू नका, काढून टाका. एक डिसेंबरला भरती, दोनला ऑपरेशन. महिनाभर पोटात ठेवलं या बाईनं. वर्गात हसत होती तेव्हाही!

मी ओरडले. म्हटलं हा खेळ आहे, मशीन आहे, त्याला काय कळतंय? नंदाताईंनी शांतपणे पिशवी उचलली. 'न्हाई म्हणला ना. बरं झालं इचारलं.' चेहऱ्यावर सुटल्यासारखं. तेच बघवेना.

गुरु., २० नोव्हें.

नंदाताई आल्या नाहीत. वैशालीनं समजावून सांगितलं, मी गावात वाढूनही हे धड माहीत नव्हतं. त्यांच्याकडे देवीला कौल लावतात. मूर्तीला तांदळाचे दाणे चिकटवायचे, प्रश्न विचारायचा, उजवीकडचा पडला तर हो, डावीकडचा पडला तर नाही. 'आमाला वाटलं ह्यो बी तसाच,' म्हणाली. 'बस सांगितली, म्हस सांगितली. खोटा कसा म्हणायचा?'

मीच दिलं त्यांच्या हातात. मजा यावी म्हणून.

नंदाताईंच्या नवऱ्याला फोन केला. साधा माणूस, टेम्पो चालवतो. म्हणाला, 'मी सांगून थकलो, मॅडम. ती आईकंना. दवाखान्यात आजून कळवलं न्हाई, तारीख हाय तशी हाय.' शेवटी रडला.

शुक्र., २१ नोव्हें.

अब्बांना सांगितलं. वाटलं, रागावतील. कापडाचं थान गुंडाळत म्हणाले, 'दहावीला दर्ग्यावर धागा कोण बांधून आलं होतं? लोकांना नावं ठेवू नकोस. बाईला दवाखान्यात कसं न्यायचं ते बघ.'

काट्यानं काटा. चाकानं बिघडवलं ना, चाकच दुरुस्त करील. खण माझ्या हातात आहेत.

मंगळ., २५ नोव्हें.

आठही खणांत यस लिहिलं. अक्षर बारीक केलं, म्हणजे लांबून कळू नये. नवऱ्यानं नंदाताईंना कसंबसं पाठवलं. मी म्हटलं, आज पुन्हा चाक, नंदाताई पहिल्या.

त्या चाकासमोर बसल्या. मग हात जोडले आणि विचारलं, 'शुड आय स्टे ॲट होम?'

मी उठेपर्यंत बटण दाबलं होतं. चाक फिरत असताना मला माहीत होतं काय येणार. ते दहा सेकंद मी जन्मात विसरणार नाही.

यस.

'उलटं का विचारलंत?' मी जवळजवळ किंचाळलेच.

'त्योच प्रश्न दोनदा इचारायचा नसतो, मॅडम. कौलाचा अपमान व्हतो. म्हणून फिरवून इचारला.' आणि हसल्या. 'दोनी बाजूनं एकच आलं बघा.'

गुरु., २७ नोव्हें.

कबूल करून टाकलं. लॅपटॉप नेलाच नाही. सगळ्यांसमोर सांगितलं, आठही खण मीच यस केले होते, काहीही विचारलं असतं तरी यसच आलं असतं. फसवलं मी तुम्हाला, शिव्या द्या.

कुणी रागावलं नाही. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. सुमन हळूच म्हणाली, 'मंग तुमाला ते सुचवलं कुनी?'

नंदाताईंनी माझा हात धरला. 'तुमी कशाला वाईट वाटून घेता? तुमच्या हातनं करवून घेतलं त्यानं.'

मला भीती वाटली. या बायकांची नाही, चाकाचीही नाही. क्षणभर मलाही खरं वाटलं, त्याची. बाहेर आले तर लॅपटॉप नसूनही चपला ओळीनं काढलेल्या. त्यांत माझ्याही होत्या. कधी काढल्या आठवत नाही.

सोम., १ डिसें.

सकाळी सहाला उठले आणि ठरवलं, स्टँडवर जायचं. कुणाला बोलले नाही, अब्बांनासुद्धा नाही. धुकं असं की समोरचा चहावाला दिसेना. नुसता स्टोव्हचा आवाज. सात, सव्वासात. म्हटलं, संपलं.

धुक्यातून दोघं आली. नवऱ्याच्या हातात पिशवी. नंदाताई मला बघून थबकल्या, मग मान हलवली, जणू मी असणारच होते.

बसमध्ये नवरा पुढे, आम्ही दोघी मागे. पिरंगुट गेल्यावर बोलल्या. 'काल मोबाईलवर चाक काडलं. इचारलं, मॅडम सकाळी स्टँडवर येतील का. व्हय आलं. म्हनलं, जाऊन बघायचं. तुमी असलात तर दवाखाना, न्हाईतर घर.'

मी येणार हे मलाच माहीत नव्हतं काल.

'आन् दुसरं बी इचारलं.'

'काय?'

'ह्यातनं उठंन का.'

'मग?'

'ते सांगायचं नसतं,' म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. पुण्याच्या दवाखान्यात भरती केलं. नर्सला इंग्रजीत नाव, गाव, वय सांगितलं, एकही चूक नाही. तेव्हा मात्र माझ्याकडे बघून डोळा मारला. वात्रट बाई.

मंगळ., २ डिसें.

पावणेदहाला नंदाताईंना आत नेलं. जाताना अंगावरचं सगळं काढून माझ्या ओंजळीत दिलं. मंगळसूत्र, चार बांगड्या, मोबाईल. 'सांबाळा,' एवढंच. नवरा खाली औषधाच्या रांगेत.

मघाशी मोबाईल वाजला, कँटीनमधून कुणीतरी. बंद करायला गेले तर मागे चाकाचं पान उघडंच. शेवटचं उत्तर अजून तसंच पडद्यावर असणार. पटकन अंगठ्यानं झाकलं. इंग्रजी शब्द दोन अक्षरांचा की तीन, तेही बघितलं नाही. अब्बांनी शिकवलेल्या सगळ्या दुआ म्हणून झाल्या. परत पहिल्यापासून म्हणतेय.

साडेअकरा. अजून आत. मोबाईल मांडीवर उपडा ठेवलाय, वर हात.

नवरा वर आला. म्हणाला, काही कळलं का, मॅडम? म्हटलं, अजून नाही.