मायचं मत

गोरेगाव, सोमवार, संध्याकाळ

बोटाची शाई तीनदा घासली, जात नाही. सासूबाईंनी पाहिली तर काय सांगू? माझं मत तर इकडे, महाराष्ट्रात.

हे गोरेगाव हद्दीजवळचं; माहेर हद्दीपलीकडे, आता छत्तीसगडात. आज तिथं नव्या राज्याची पहिली निवडणूक. सकाळीच भाऊ मोटारसायकल घेऊन न्यायला आला. "मायचं नाव यादीत हाये, तू मत टाकून दे. काऊन भेऊन राहिली? परचीवर फोटो कुठं हाये?"

माय जाऊन दोन वर्षं झाली. नवं राज्य झालं तेव्हा तिनं दारात दिवा लावला होता. तिचं मत वाया कायले जाऊ द्यायचं, असं मलाही वाटलं. खरंच वाटलं, की भावाला नाही म्हणता आलं नाही?

डोक्यावरून पदर ओढून मतदान केंद्रावर गेले. साहेबानं मायचं नाव वाचलं आणि विचारलं, "पति का नाम?"

म्हणजे बाबांचं नाव. आणि बाबा शेजारीच, पुरुषांच्या रांगेत उभे. मी पदर आणखी पुढं ओढला. साहेब हसला. आमच्याकडच्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हे त्याला ठाऊक. त्यानंच वाचलं, मी मान हलवली. शाई लागली.

बाबांनी ऐकलंच असणार.

यादीतून मायचं नाव कमी करायचा कागद बाबांनी कधी भरू दिला नाही. राहू द्या, म्हणायचे. आज बसमध्ये बसवून देताना ते माझ्या बोटाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "बाई, उद्या तिचं नाव कमी करून टाकतो."