गाठीत हाड सापडलं

बाबा,

तुमचा डोळा लागलाय म्हणून उठवत नाही, पण मला दम धरवत नाहीये. जेवणाच्या सुट्टीत लॅबमधून धावत आले. आपल्या शेपटीवाल्या बाईसाहेबांच्या गाठीची स्लाइड आज मीच मायक्रोस्कोपखाली पाहिली. कॅन्सर नाही, बाबा! हाताला दगडासारखी लागायची ना, तर आत चक्क कूर्चा आणि हाड तयार झालं होतं. कुत्र्यांच्या स्तनातल्या साध्या गाठीतही असं होतं. कडा स्वच्छ आहेत, पेशी आजूबाजूला कुठेही शिरलेल्या नाहीत. तरी खात्रीसाठी मॅडमना दाखवली. त्या म्हणाल्या, "अगं वेडे, रडतेस काय? घरी जाऊन सांग!"

"कडक गाठ म्हणजे तेच," असं तुम्ही म्हणालात, तेव्हा मी तुमच्यावर उगाच ओरडले. चुकलं माझं. आईचा रिपोर्ट मी तुमच्यापासून चार दिवस लपवला होता. हा मात्र शाई वाळायच्या आत आणलाय, चिठ्ठीखालीच आहे.

बाईसाहेबांनी कितीही केविलवाणं तोंड केलं तरी गळ्यातली प्लास्टिकची कॉलर काढू नका, नाहीतर टाके चाटतील. आणि आज पोटभर जेवा.

उठलात की फोन करा. मी परत लॅबमध्ये चाललेय.

— तुमची थोरली