त्याच्या वतीने

बुधवार, सकाळ
दुकानातून

ताई,

नमस्कार. दाजींचा गुडघा आता बरा असेल. इकडे सगळं ठीक. हिचा खोकला थांबला. मला कामाला तोटा नाही; तयार कपड्यांच्या कारखान्यातल्या शिलाई मशिनी हल्ली माझ्याकडेच येतात. कुणाच्या हाताखाली शिकलो नाही, पण माझ्याकडून गेलेलं मशीन त्याच दुखण्यासाठी परत येत नाही, हे तुला ठाऊक आहे.

फोन केला असता, पण फोनवर आपण दोघंही तापतो. म्हणून लिहितोय. पत्र पहिल्या बसच्या ड्रायव्हरकडे देतो, जेवणाच्या वेळेपर्यंत तुला मिळेल.

चांगली बातमी आधी. बारक्याला काल जामीन मंजूर झाला.

तू हे प्रकरण इतरांच्या तोंडून ऐकलं असशील, तेव्हा नीट सांगतो. गोदामात बारक्या टेम्पो मागे घेत होता, तेव्हा चाक एका हमालाच्या पायावरून गेलं. पाय बरा झाला, माणूस कामावर रुजूही झाला. त्या वेळी कोर्टाने बारक्याला लगेच सोडलं होतं. पण पुढच्या दोन तारखांना तो गैरहजर लागला. मग वॉरंट निघालं आणि पोलिसांनी त्याला गोदामातून सगळ्यांदेखत नेलं. सरकारी वकील काल म्हणाले, हा पळणारा आरोपी आहे, पुन्हा सोडलात तर हाती लागणार नाही. पळणारा म्हणे! आपला बारक्या! याला लहानपणी लपाछपीत कधी धड लपता आलं नाही.

मी पूर्ण तयारीने गेलो होतो. जामिनाचा कायदा वाचला होता, मुद्दे काढले होते. ते आपल्या वकीलबाईंना एकेक करून समजावत होतो, तर त्या म्हणाल्या, "फी मी घेतेय, तेव्हा थोडं मलाही बोलू द्या." बाई हुशार आहेत, पण जरा तोडून बोलतात.

न्यायाधीशांनी बारक्याला विचारलं, तारखांना का आला नाहीत? तो उभा. तुला त्याचं माहीत आहे, पहिलाच शब्द अडकतो आणि मान ताठ होते. मी मागच्या बाकावरून उठून सांगायला लागलो, साहेब, त्याला बोलताना त्रास होतो, त्याचं असं झालं की...

"प्रश्न तुम्हाला नाही," न्यायाधीश म्हणाले. "खाली बसा."

मी बसलो. सगळं कोर्ट थांबलं. कारकुनाने लिहिणं थांबवलं. ताई, इतका वेळ कुणी त्याच्यासाठी थांबलेलं मी पाहिलं नव्हतं. मला तर सारखं उठावंसं वाटत होतं. शब्द काय येणार ते मला कळत होतं.

पण जे आलं ते मला माहीत नव्हतं. तो म्हणाला, मी दोन्ही वेळा आलो होतो. बाहेर व्हरांड्यात उभा होतो. नाव पुकारलं, हजर म्हणायला गेलो, आवाज निघेपर्यंत पुढचं नाव पुकारलं. मग आत यायची लाज वाटली.

पहिल्या तारखेला मी त्याच्याबरोबर गेलो होतो. नाव पुकारल्यावर व्हरांड्यातून "हजर!" मीच ओरडलो होतो. शाळेतसुद्धा हेच करायचो, त्यात काय मोठं? नंतरच्या दोन्ही तारखांना कारखान्याची घाई होती, तो एकटा गेला. घरी आला तेव्हा मी विचारलंही होतं, काय झालं? आणि पुढे म्हणालो, पुढची तारीख दिली ना? बरं झालं, जेवून घे. त्याने मान हलवली होती.

न्यायाधीश त्याला एवढंच म्हणाले, "आवाज नाही निघाला तर हात वर करा." आणि जामीन मंजूर केला. अट एकच, तारखांना हजर राहील याची हमी घेणारा घरचा माणूस पाहिजे.

आता तू विचारशील, मग घरी आला का? नाही. अजून आतच आहे. याच मुद्द्यावर यायला मला इतका कागद लागला.

घरचा माणूस मी होतोच. दुकानाचे, घराचे सगळे कागद प्रती काढून नेले होते. जाळीपलीकडे तो आणि अलीकडे मी. वकीलबाईंनी सांगितलं, दादा हमी देतायत, सही करा. त्याने पेन घेतलं नाही. बोलायला लागला. दोनदा मी त्याचा शब्द पुरा केला, दोनदा तो थांबून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. तिसऱ्यांदा मी ओठ आवळून उभा राहिलो.

"दादा नको. ताईला बोलवा. दादा असला की माझं तोंड उघडत नाही."

मला राग आला. खोटं कशाला लिहू, अजून आहे. त्याची शाळा, नोकरी, पहिलं लायसन, सगळीकडे मीच उभा राहिलो. वकीलबाईंना म्हटलं, त्याला समजवा. त्या म्हणाल्या, समजून घेऊनच तो नाही म्हणतोय.

काल घरी जेवताना ही म्हणाली, तुम्ही ताईंना कळवलं नाहीत तर मी कळवीन. ती म्हणाली म्हणून नव्हे, मीच लिहितोय.

हमी म्हणजे काय ते स्पष्ट सांगतो, मागाहून बोल नको. तो तारखेला आला नाही तर कोर्ट तुला जाब विचारेल, दंड तुझ्यावर बसेल. दाजींशी बोलून घे. ओळखपत्र आणि घराचा कागद, दोन्ही अस्सल आण. नुसत्या प्रती चालत नाहीत. कोर्टाच्या मागच्या फाटकातून ये, पुढे गर्दी असते. वकीलबाई तळमजल्यावर भेटतील. मी आत येणार नाही. तो बाहेर आला की कुठे राहायचं, आमच्याकडे की तुझ्याकडे, हे त्याला विचार. लगेच नाही सांगितलं तरी विचारून थांब.

तू येशीलच, असं मी वकीलबाईंना सांगणार होतो. सांगितलं नाही. म्हटलं, ताईला विचारतो.

तर विचारतोय. येशील?

तुझ्या उत्तरासाठी थांबलेला,
तुझा भाऊ